रोनाल्डो गोव्यात का येणार होता?

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी आठवीतला एक मुलगा हजेरी व्हायच्या आधीच टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सर, रोनाल्डो गोव्यात येणार आहे. खरं आहे का?" आम्ही त्याला जागेवर बसायला सांगितले. रायगडच्या किनाऱ्यावर अशा अफवा भरतीच्या पाण्यासारख्या येतात नि जातात. पण ही अफवा नव्हती. रियाधच्या अल नासर क्लबचा आणि एफसी गोवाचा आशियाई स्पर्धेत एकच गट पडला होता. दोन्ही संघ एकमेकांच्या घरी जाऊन खेळणार होते. म्हणजे अल नासर मडगावला येणार, आणि अल नासर येणार म्हणजे रोनाल्डो येणार, हा मुलांचा हिशेब.

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. खेळाचा तास आमच्याकडे आला तो शिक्षक कमी आहेत म्हणून. तरी मुलांनी विचारलेला दुसरा प्रश्न आम्हाला आवडला. "पण सर, गोव्यालाच का? मुंबईला का नाही?" याचे उत्तर दोन शब्दांत देता येते: सुपर कप. ते ऐकून वर्गातल्या एकाही मुलाचा चेहरा हलला नाही. माद्रिद, मँचेस्टर, बार्सिलोना यांचे राखीव खेळाडूसुद्धा ज्यांना पाठ, त्यांनी आपल्या देशाच्या सुपर कपचे नाव ऐकले नव्हते. फक्त या मुलाची मोठी बहीण, दहावीत शिकणारी, तिने मधल्या सुट्टीत येऊन सांगितले, "मला माहीत आहे सर, मेमध्ये गोव्याने जमशेदपूरला तीन-शून्य हरवलं." तिच्याकडे वही आहे. तिच्यात ती निकाल लिहून ठेवते. या महिन्याचे सदर त्या वहीवरून सुचले.

सुपर कप ही मुळात साधी कल्पना. देशात एक साखळी स्पर्धा असते, वर्षभर चालणारी. आणि एक बाद फेरीची असते, हरला की घरी. दोन्हींचे विजेते वेगळे असले तर त्यांच्यात थोर कोण? म्हणून दोघांचा एक सामना. इंग्लंडमध्ये १९०८ पासून अशा सामन्याची रीत आहे. त्याचे उत्पन्न धर्मादाय कामाला जाई, म्हणून नावही चॅरिटी शील्ड. स्पेन आणि इटलीने १९८० च्या दशकात आपापले सुपर कप सुरू केले. आमच्या भागातल्या घरांना हे दोन सुपर कप वेगळ्या वाटेने ठाऊक आहेत. इटलीचा सुपर कप २०१४ आणि २०१६ ला दोहा येथे झाला, पुढे जेद्दा आणि रियाधमध्ये. स्पेनचा २०२० पासून सौदीत जातो आहे. म्हणजे मिलान-माद्रिदचे संघ आपला घरचा करंडक खेळायला तिथे जातात, जिथे आमच्या म्हसळा-श्रीवर्धन-मुरूडच्या माणसांची आयुष्ये एसी दुरुस्त करण्यात आणि गाड्या चालवण्यात जातात. या मुलांचे वडील रियाधला आहेत. जर्सी तिकडूनच आली.

आपल्याकडची कथा इतकी सरळ नाही. भारतात राष्ट्रीय पातळीवरची बाद फेरीची क्लब स्पर्धा, फेडरेशन कप, १९७७ मध्ये एर्नाकुलमला सुरू झाली. पहिल्याच वर्षी बंगळूरच्या आयटीआय या कारखान्याच्या संघाने मोहन बागानला हरवले. राष्ट्रीय साखळी स्पर्धा मात्र यायला १९९६ उजाडले. दोन्ही हाताशी आल्यावर १९९७ मध्ये पहिला सुपर कप झाला, तो ईस्ट बंगालने जिंकला. १९९८ आणि १९९९ ला गोव्याच्या साळगावकरने. मग खंड. २००३ ला महिंद्र युनायटेड. पुन्हा खंड. २००६ ला ईस्ट बंगाल, २००७ ला मोहन बागान, २००८ ला धेंपो, २००९ ला परत बागान, २०१० ला परत धेंपो, २०११ ला परत ईस्ट बंगाल. आणि मग हा सामनाच बंद. कुणी जाहीर शोक केला नाही. आपल्याकडे स्पर्धा अशाच मरतात, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात त्यांचे नाव नसते एवढेच.

त्या यादीतल्या एका नावापाशी आम्हाला थांबायचे आहे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ. जीप बनवणाऱ्या कंपनीने १९६२ मध्ये काढलेला. २००३ आणि २००५ चा फेडरेशन कप, २००३ चा सुपर कप आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग, एवढे सगळे त्याने मिळवले. राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा तो एकमेव क्लब ठरला. क्रिकेटखेरीज मुंबईला काही दिसत नाही म्हणतात, त्या शहरात त्यांनी हे केले. आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला.

मुंबईच्या फुटबॉलचे घर म्हणजे कूपरेज. आमच्या आजोबांनी ते मैदान पाहिले होते. किनाऱ्यावरच्या पुष्कळ माणसांसारखे तेही मुंबईला जहाजावर नोकरी मिळेपर्यंत गावकीच्या खोलीत राहत. तेव्हा कूपरेजवर रोव्हर्स कप भरे. ही स्पर्धा १८९१ पासूनची, सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी. १९३७ मध्ये बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकून दाखवले. पण आजोबा सांगत ते हैदराबाद सिटी पोलीसबद्दल. १९५० ते १९५४, ओळीने पाच वर्षे त्यांनी रोव्हर्स नेला. आजोबांनी त्यातले किती सामने आत बसून पाहिले आणि किती कुंपणाबाहेरून, हे त्यांच्या प्रत्येक सांगण्यात बदलत असे. एक गोष्ट कधी बदलली नाही. "त्यांचा उस्ताद शाळामास्तर होता," असे ते म्हणत.

हे मास्तर म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९ चा, हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठात शिकले, काचीगुडा आणि चादरघाटच्या शाळांमध्ये शिक्षक होते. हैदराबाद पोलीसचा तो संघ त्यांनी घडवला आणि मग देशाचा. १९५१ चे आशियाई सुवर्ण, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा होता. जकार्तानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीमसाहेब गेले. त्यांच्यावर आलेला 'मैदान' हा हिंदी चित्रपट बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. त्यात खेळ भरपूर आहे. आम्हाला त्यांचा वर्गही थोडा जास्त पाहायला आवडला असता; पण ही शिक्षकाची तक्रार झाली.

रोव्हर्स कपही नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. तेव्हा आमची पिढी पंचविशीच्या आत होती आणि आम्हाला त्याची खबरसुद्धा लागली नाही.

आता नवा सुपर कप. २०१७ च्या मोसमात कटकला बंगळूरू एफसीने मोहन बागानला हरवून फेडरेशन कप जिंकला, तो शेवटचा फेडरेशन कप ठरला. देशात तेव्हा दोन साखळी स्पर्धा शेजारी शेजारी चालत होत्या, पैशांची आयएसएल आणि जुन्यांची आय-लीग. २०१८ मध्ये महासंघाने दोन्हीकडच्या संघांची मिळून एक बाद फेरीची स्पर्धा काढली आणि तिला नाव दिले सुपर कप. म्हणजे नाव जुन्या सामन्याचे आणि काम फेडरेशन कपचे. वर्गात समजावताना आमची इथेच पंचाईत होते. घर एकाचे, पाटी दुसऱ्याची.

तो पहिला अंतिम सामना भुवनेश्वरला झाला, २० एप्रिल २०१८. ईस्ट बंगालने आधी गोल केला. बरोबरी साधली ती राहुल भेकेने, मुंबईच्या मराठी पोराने. मग ईस्ट बंगालचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि बंगळूरूने सामना ४-१ असा जिंकला. त्यातले दोन गोल सुनील छेत्रीचे. पुढच्या वर्षी अनेक आय-लीग क्लबांनी बहिष्कार घातला. आपल्याला सावत्र वागणूक मिळते अशी त्यांची तक्रार होती. तो कप एफसी गोवाने चेन्नईला २-१ असे हरवून नेला. मग करोना, तीन वर्षे काही नाही. २०२३ ला कोझिकोडमध्ये ओडिशाने बंगळूरूला हरवले. जानेवारी २०२४ ला भुवनेश्वरच्या प्रेक्षकांसमोर त्याच ओडिशाला ईस्ट बंगालने जादा वेळेत ३-२ असे नमवले. बारा वर्षांनी त्यांना राष्ट्रीय करंडक मिळाला होता. आणि ३ मे २०२५ ला गोवा ३, जमशेदपूर ०. आमच्या विद्यार्थिनीच्या वहीतली नोंद ती हीच.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की जो दोनदा अंतिम सामना हरला आणि आम्हाला सर्वांत लक्षात राहिला. खालिद जमील. जन्म कुवेतचा, १९७७. आखातात जन्मलेली आणि मग मुंबईला परतलेली मुले आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार तरी आहेत; त्यांच्यातलाच हा एक. महिंद्र युनायटेडकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी खेळणे लवकर संपले, प्रशिक्षक झाला. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐजॉल या लहानशा संघाला त्याने आय-लीग जिंकून दिली. २०१८ च्या सुपर कपमध्ये हरलेल्या ईस्ट बंगालचा प्रशिक्षक तोच होता, २०२५ मध्ये हरलेल्या जमशेदपूरचाही तोच. गंमत पुढे आहे. २०२५ ला जिंकलेल्या गोव्याचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ त्याच वेळी भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. ते देशाचा संघ सोडून गेले आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला त्यांच्या जागी आला खालिद जमील. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियात, त्याच्या संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात राहिलेल्या मुलाला आम्ही हल्ली हे सांगतो.

तर मे महिन्यातल्या त्या कपाबरोबर गोव्याला आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीचे दार उघडले. १३ ऑगस्टला त्यांनी फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला २-१ असे हरवले. सीब म्हणजे मस्कतच्या विमानतळाचा परिसर. आमच्या किती घरांनी ते नाव पाकिटांवर लिहिले असेल! दोन दिवसांनी गट ठरले. अल नासर. रोनाल्डो गोव्यात येणार होता तो असा.

सामना २२ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या सुट्टीत. मुलाचे मामू त्याला घेऊन जायला तयार झाले. माणगावला गाडीत बसायचे आणि मडगावला उतरायचे, अडचण अशी काही नव्हती. प्रश्न बहिणीचा निघाला. अम्मी शाळेत आल्या. "सर, तुम्हीच सांगा हिला. मुलींनी कशाला जायचं तिथं? गर्दी असते, रात्री संपतं. आणि दहावीचं वर्ष." मुलगी शेजारी खाली मान घालून उभी होती, पण वही हातात घट्ट होती.

आम्ही सल्ला द्यायचे टाळतो. शिक्षकाने दिलेला सल्ला पुढे घरात शिक्षकाच्या नावाने वापरला जातो. त्या दिवशी मात्र टाळले नाही. गर्दीची आणि रात्रीची भीती खरी आहे, ती मुलालाही लागू आहे, म्हणूनच मामू बरोबर आहेत, एवढे म्हणालो. दहावीचे म्हणाल तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही. आणि मुलींनी मैदानावर जायचे की नाही, हे तुम्ही यांच्या अब्बांनाच विचारा, ते रियाधला आहेत. सौदीत जानेवारी २०१८ पासून बायका फुटबॉल पाहायला स्टेडियमवर जातात. त्यांनी स्वतः पाहिले असेल.

अब्बांचा फोन दुसऱ्या दिवशी आम्हालाच आला. बहिणीचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला. "इथं तर फॅमिली घेऊन जातात सर, जाऊ दे तिला." त्यांना वेगळेच विचारायचे होते. "हा पोरगा म्हणतो मला फुटबॉलच खेळायचंय. मी म्हणतो आयटीआय कर. तुम्ही काय म्हणता? यात पोट भरतं का?"

माणूस तिकडे पंधरा वर्षे राबतो आहे, त्याला गोड उत्तर देण्यात काय अर्थ? आम्ही त्याला जुन्या सुपर कपचीच यादी वाचून दाखवली, पण वेगळ्या रकान्याने. महिंद्र युनायटेड बंद, २०१०. पंजाबचा जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, बंद, २०११. साळगावकर आणि धेंपो यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो आठ वर्षांनी परतला, साळगावकर नाही. ज्या पाच क्लबांनी तो कप जिंकला त्यातले कोलकात्याचे दोनच अखंड राहिले, कारण त्यांच्यामागे कंपनी नव्हे, लोक होते. आणि यंदा तर आयएसएलच वेळेवर सुरू झाली नाही. हक्कांचा करार संपत आलेला, पुढचे ठरेना, खेळाडू घरी बसून. तेव्हा पोट भरण्याची हमी आम्ही देणार नाही. पण याच खेळाच्या जोरावर पोलीस, रेल्वे, बँका यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नोकऱ्या दिल्या हेही खरे आहे. आयटीआय करू द्या. संध्याकाळी खेळू द्या. दोन्ही होते. रहीमसाहेब सकाळी वर्ग घेत होते, हे सांगायचे राहून गेले.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मी पण चांगला खेळायचो सर. कोणी विचारलं नाही."

रोनाल्डो आला नाही. संघ आला, तो नाही आला. ही बातमी गाडीत बसण्याच्या आधीच कळली होती, तरी तिघे गेले. अल नासरने पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल केले. मग मध्यंतराच्या थोडे आधी गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने एक परत केला. तो गोव्यातलाच पोरगा. सामना १-२ असा संपला. सुट्टीनंतर आम्ही मुलाला विचारले, वाईट वाटले का? तो म्हणाला, "थोडं वाटलं. पण सर, ब्रायसनचा गोल आमच्या बाजूच्या गोलात झाला." त्याच्या बोलण्यात 'आमच्या' हा शब्द कुठून आला ते आम्ही विचारले नाही. बहिणीने वहीतले पान दाखवले. गोल कितव्या मिनिटाला झाले ते लिहिलेले, आणि खाली तिकिटाचा तुकडा चिकटवलेला.

डिसेंबरच्या सात तारखेला त्याच फातोर्ड्याला पुढचा सुपर कपही गोव्यानेच जिंकला. ईस्ट बंगालशी गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. तीन वेळा कप नेणारा हा पहिलाच संघ. त्या रात्री वाडीतल्या एका घरात भाऊ-बहीण मोबाईलवर डोके लावून बसले होते, आणि अम्मी, ज्यांना रात्रीची गर्दी नको होती, त्या स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी "कोणी मारला?" असे विचारत होत्या, असे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

आमच्या शाळेला मैदान आहे, पण अर्धे. उरलेल्या अर्ध्यात बांधकामाचे साहित्य पडून आहे, तीन पावसाळे झाले. मुलांनी त्याची वाट पाहणे सोडले. ती किनाऱ्यावर खेळतात. अमावस्या-पुनवेला संध्याकाळी ओहोटी असते, अस्र झाली की मगरिबपर्यंत घट्ट ओल्या वाळूचे हवे तेवढे मोठे मैदान मिळते. अष्टमी-नवमीला त्याच वेळी पाणी वाडीच्या कुंपणाला लागते, खेळ बंद. त्यामुळे चांद कितवा हे आमच्या आठवीच्या वर्गाला विचारावे. खाडीच्या तोंडाशी बांबूचे दोन गोल उभे आहेत, मागे जाळे मासेमारीचेच, फाटके. गेल्या आठवड्यापासून तिथे कप चालू आहे, आठ संघांचा, बाद फेरीचा. नाव अर्थातच सुपर कप. निकाल कोण लिहिते ते सांगायला नको. तिने आम्हाला एकच विचारले, "सर, मुलींचा एक संघ घेतला तर चालेल ना?"

पुढची पुनव रविवारी आहे.